डॉ. भाऊ दाजी लाड आणि खानदेशाच्या परिसरातील कोरीव लेख

१

महाराष्ट्रातील प्राच्यविद्येच्या अभ्यासाचा आरंभकाळ पाहू लागले असता एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात येते. त्या काळच्या एतद्देशीय संशोधकांत जो अग्रभागी होता, तो ना शास्त्री होता, ना प्राध्यापक, ना सरकारी अधिकारी. तो व्यवसायाने डॉक्टर होता. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव मुंबई शहराच्या सार्वजनिक जीवनाशी इतके निगडित झाले आहे, की त्या शहराबाहेर त्यांच्या कार्याचा जो विस्तार झाला त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः त्यांचे अत्यंत टिकाऊ ठरलेले कार्य मुंबईपासून शेकडो मैल दूर, सातमाळा डोंगराच्या कुशीत, खानदेशाच्या दक्षिण सीमेवर घडले. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख ही ती दोन स्थाने होत. पाटण हे आजच्या जळगाव जिल्ह्यात मोडते. अजिंठा त्या काळी निजामाच्या मुलखात होता. तथापि लेण्यांची डोंगररांग हीच खानदेशाची दक्षिण मर्यादा असल्यामुळे त्या लेखांचा संबंध ह्या प्रदेशाच्या इतिहासाशी निकटचा आहे.

ह्या कार्याचा विचार त्यांच्या वैद्यकीपासून वेगळा काढून करण्याचा प्रघात आहे. तो योग्य नाही. त्यांच्या संशोधनाचा खर्च वैद्यकीने चालविला. इतकेच नव्हे, तर दोन्ही क्षेत्रांतील त्यांची कार्यपद्धती शेजारी ठेवून पाहिली असता दोहोंचे यशापयश अधिक स्पष्ट होते.

२

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घराणे गोव्यातील मांद्रे गावचे, गौड सारस्वत ब्राह्मण ज्ञातीचे. त्यांचे जन्मवर्ष बहुधा १८२२ असे देतात. काही ठिकाणी १८२४ असेही आढळते. घरची स्थिती गरिबीची होती. बुद्धिबळातील मुलाचे चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला, अशी आख्यायिका आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले व तेथेच ते अध्यापकही झाले. कच्छ आणि काठेवाड ह्या प्रांतांतील बालहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. समाजातील दुखणे प्रथम नीट तपासावे आणि मग त्याच्या परिहाराविषयी बोलावे, ही त्यांची वृत्ती ह्या विषयाच्या निवडीपासूनच दिसून येते.

इ. स. १८४५ मध्ये मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. हातची अध्यापकाची नोकरी सोडून भाऊ दाजींनी तेथे विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश झाला. पुढे प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे सहाध्यायी. सरकारी नोकरीत न शिरता भाऊ दाजींनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच महाविद्यालयाचे पदवीधर. दोघा बंधूंनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

व्यवसायात जम बसतो न बसतो तोच ते सार्वजनिक कार्यात ओढले गेले. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा तिच्या चिटणीसपदाची जबाबदारी त्यांनी उचलली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या आरंभीच्या फेलोंत त्यांचे नाव आहे. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्रविषयक सभेचे ते पहिले एतद्देशीय अध्यक्ष होत; त्या सभेने चालविलेल्या मुलींच्या शाळांना त्यांचा मोठा आधार होता आणि त्यांतील एका शाळेस पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. भायखळा येथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड आणि जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. हे संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले व १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव मिळाले. मुंबईचे नगरपाल म्हणून १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा त्यांची नेमणूक झाली.

ह्या सर्व कार्यांत त्यांच्या धैर्याची कसोटी पाहणारा प्रसंग १८६२ चा होय. वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर करसनदास मूळजी ह्यांनी 'सत्यप्रकाश' पत्रात टीका केली आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. ह्या खटल्यात भाऊ दाजींची साक्ष झाली. महाराजांना झालेल्या गुह्यरोगाविषयी त्यांनी वैद्य ह्या नात्याने न्यायालयापुढे सांगितले. मुंबईच्या व्यापारी वर्गात ज्या संप्रदायाचे अनुयायी अनेक होते, त्याच्या आचार्याविरुद्ध बोलणे हे व्यवसायाच्या दृष्टीने सोयीचे नव्हते. रोग्याचे गुपित राखणे हे वैद्याचे कर्तव्य खरे. पण न्यायासनापुढे सत्य सांगणे हेही कर्तव्यच होते. ह्या दोहोंत त्यांनी दुसरे निवडले आणि निकाल करसनदासांच्या बाजूने लागण्यास त्या साक्षीचे साहाय्य झाले.

३

संस्कृत वैद्यकग्रंथांच्या वाचनातून भाऊ दाजी प्राच्यविद्येकडे वळले की प्राच्यविद्येच्या ओढीने ते जुन्या औषधींकडे गेले, हे ठरविणे कठीण आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी चालत होत्या, हे मात्र निश्चित. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत कालिदास, गिरनारचा रुद्रदाम्याचा लेख, कालकाचार्याची कथा, हेमचंद्र, प्राचीन अंकचिन्हे अशा विविध विषयांवर त्यांनी निबंध वाचले आणि त्या संस्थेचे ते उपाध्यक्षही झाले.

एवढा व्यवसाय व सार्वजनिक उपद्व्याप सांभाळणाऱ्या मनुष्याला ठिकठिकाणी हिंडून ठसे घेणे शक्य नव्हते. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या पदरी पंडित ठेवले. त्यांतील पांडुरंग गोपाळ पाध्ये आणि जुनागडचे भगवानलाल इंद्रजी ही नावे विशेष महत्त्वाची. भगवानलाल १८६१ मध्ये मुंबईस आले. नाशिक, कार्ले, जुन्नर, अजिंठा इत्यादी स्थळांच्या लेखांवर त्यांनी जे परिश्रम केले, त्यांतूनच पश्चिम हिंदुस्थानच्या कोरीव लेखांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला गेला. भाऊ दाजींच्या निबंधांतील कितपत भाग त्यांचा स्वतःचा आणि कितपत भगवानलालांचा, हा प्रश्न उपस्थित करणे न्याय्यच आहे. शोधाची दिशा, ग्रंथांची तुलना आणि इंग्रजीतील मांडणी भाऊ दाजींची. दगडावरील अक्षर वाचण्याची नजर बव्हंशी भगवानलालांची, असे स्थूलमानाने म्हणता येईल. मात्र हा सर्व उद्योग एका डॉक्टरच्या फीवर चालत होता, ह्याविषयी संदेह नाही.

४

पाटण हे स्थान चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे दहा मैलांवर आहे. आज पाटणादेवीच्या यात्रेमुळे ते लोकांस ठाऊक आहे. परंतु बाराव्या-तेराव्या शतकांत येथे भरवस्तीचे नगर होते आणि देवगिरीच्या यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे येथून आसपासच्या मुलखावर राज्य करीत होते. डोंगराच्या वरच्या अंगास पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. म्हणजे ह्या घाटाची वाट निकुंभांच्या पूर्वी हजार-बाराशे वर्षे वाहती होती.

येथील भवानीच्या देवळात असलेला शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भाषांतरासह प्रसिद्ध केला. ज्या निबंधात तो आला, त्याचा विषय आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य ह्यांचा काल व त्यांच्या ग्रंथांचा खरेपणा हा होता. त्या वेळी भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात मोठा गोंधळ माजला होता. आर्यभटाच्या नावावर चालणारे दोन भिन्न काळांतील ग्रंथ एकाच कर्त्याचे समजले जात असत. भाऊ दाजींनी 'आर्यभटीया'ची हस्तलिखिते मिळवून हे दोन आर्यभट वेगळे असल्याचे दाखविले. ह्याच ग्रंथाची आवृत्ती पुढे केर्न ह्यांनी १८७४ मध्ये लायडेन येथे काढली. ह्या मालिकेत भास्कराचार्याचा पुरावा ग्रंथातून न मिळता खानदेशातील एका दगडातून मिळाला, ही विशेष गोष्ट होय.

लेखात प्रथम यादवांपैकी भिल्लम, जैत्रपाल आणि सिंघण ह्यांचे वर्णन येते. त्यानंतर निकुंभांची वंशावळ व अखेरीस शांडिल्य गोत्रातील एका विद्वान घराण्याची परंपरा दिली आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चंगदेव अशा नऊ पिढ्या तीत सांगितल्या आहेत. ह्यांतील महेश्वराचा पुत्र भास्कर तोच 'सिद्धान्तशिरोमणी'चा कर्ता. लक्ष्मीधर हा सर्व शास्त्रांत निष्णात आहे असे जाणून जैत्रपालाने त्याला 'ह्या नगरातून' नेले आणि विद्वानांत अग्रस्थान दिले, असे लेख म्हणतो. चंगदेव हा सिंघणाचा प्रमुख ज्योतिषी. त्याने आपल्या आजोबाच्या ग्रंथांचा प्रसार व्हावा ह्या हेतूने मठ स्थापिला. भास्कराचे 'सिद्धान्तशिरोमणी'प्रभृती ग्रंथ आणि त्याच्या वंशजांनी केलेले इतर ग्रंथ ह्या मठात नियमाने शिकविले जावेत, अशी त्याची इच्छा लेखात नोंदली आहे. शके ११२८ मध्ये श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, निकुंभ सोइदेवाने आपल्या गुरूच्या ह्या मठास जागा दिली.

भास्कराने स्वतःचा जन्मशक १०३६, म्हणजे इ. स. १११४, असा दिला आहे आणि 'सिद्धान्तशिरोमणी' छत्तिसाव्या वर्षी रचल्याचे सांगितले आहे. त्यामुळे त्याचा काल विद्वानांस ठाऊक होता. परंतु त्याच्या घराण्याविषयी ग्रंथांतून फार थोडे कळत असे आणि ती उणीव दंतकथांनी भरून काढली होती. 'लीलावती' ही त्याची अभागी कन्या, ही कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरावरून सर्वत्र पसरली. पाटणच्या लेखात अशा कन्येचा मागमूस नाही. तेथे आहे तो पुत्र, नातू आणि त्या नातवाने उभारलेली पाठशाळा. दंतकथेच्या जागी दगडावरचा पुरावा ठेवण्याचे हे काम भाऊ दाजींच्या निबंधाने केले.

भास्कराने आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जडविड असे सांगितले आहे. ते गाव कोणते, ह्याविषयी पुढे पुष्कळ चर्चा झाली. विजापूर, बीड इत्यादी नावे सुचविली गेली. 'ह्या नगरातून' ह्या शब्दांमुळे निदान लक्ष्मीधराच्या वेळेपासून घराण्याचे वास्तव्य पाटणास होते, एवढे निःशंकपणे म्हणता येते. घराण्याचा ह्या मुलखाशी संबंध एका पिढीपुरता नव्हता, ह्यास दुसराही आधार आहे. चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठी बहाळ येथे शके ११४४ चा लेख आहे. तेथील देवालय बांधणारा अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी असून भास्कराच्या भावाचा नातू होता. तथापि विज्जडविड म्हणजेच पाटण, हे अनुमान त्यापलीकडचे आहे व त्यास स्वतंत्र आधार हवा.

लेखाच्या अखेरच्या ओळी संस्कृतात नसून प्राचीन मराठीत आहेत. मठाचा योगक्षेम कसा चालावा ह्याची तजवीज त्यांत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीस येईल त्यावरील राजाचा हक्क मठास दिला आहे. जे मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे असे ठरविले आहे. चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीपळी तेल मठास द्यावयाचे आहे. राजांच्या आणि पंडितांच्या स्तुतीस संस्कृत, आणि तेल्या-वाण्यांनी पाळावयाच्या अटींस मराठी, ही वाटणी मोठी बोधप्रद आहे. मराठीच्या आद्य कोरीव लेखांत पाटणच्या ह्या ओळींना म्हणूनच मानाचे स्थान मिळाले आणि शं. गो. तुळपुळे ह्यांनी १९६३ मध्ये संपादिलेल्या प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या संग्रहात त्यांचा समावेश झाला. तत्पूर्वी कीलहॉर्न ह्यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात हा लेख पुन्हा संपादून भाऊ दाजींच्या वाचनातील दोष दूर केले होते. परंतु लेखाच्या पहिल्या शोधाचे श्रेय त्यांनी निःसंदिग्धपणे भाऊ दाजींना दिले आहे.

५

अजिंठ्याच्या लेखांची गोष्ट थोडी निराळी आहे. लेणी १८१९ मध्ये युरोपियनांच्या दृष्टीस पडली आणि चित्रांचा गाजावाजा झाला. लेख मात्र जवळजवळ अवाचितच राहिले. भाऊ दाजींनी त्यांचे ठसे, वाचन आणि भाषांतर सिद्ध करून मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या सातव्या खंडात प्रसिद्ध केले. सोळाव्या लेण्यातील लेखात विंध्यशक्ती, प्रवरसेन येथपासून हरिषेणापर्यंतची वाकाटकांची वंशावळ आणि हरिषेणाचा सचिव वराहदेव ह्याने लेणे कोरविल्याची हकीकत आहे. तोवर वाकाटक हे नाव ताम्रपटांतून नुकतेच कळू लागले होते. त्यांच्या राज्याचा अजिंठ्याशी असलेला संबंध ह्या वाचनाने प्रथम पुढे आला.

ह्या निबंधात एक ठळक चूकही आहे. पुराणांत विंध्यशक्तीचा उल्लेख किलकिल यवनांच्या संदर्भात येत असल्यामुळे भाऊ दाजींनी वाकाटकांस यवन ठरविले. वैदिक यज्ञ करणारे आणि बौद्ध लेण्यांना आश्रय देणारे यवन राजघराणे, असे विचित्र चित्र त्यातून निर्माण झाले. वाकाटक हे ब्राह्मण होते, हे पुढील संशोधनाने निश्चित झाले. खुद्द भगवानलालांनी बर्जेस ह्यांच्यासह १८८१ मध्ये हेच लेख अधिक शुद्ध स्वरूपात प्रसिद्ध केले. त्यानंतर ब्यूलर आणि शेवटी वा. वि. मिराशी ह्यांनी त्यांत सुधारणा केल्या. सतराव्या लेण्यातील लेखात अश्मकांशी संघर्ष करणाऱ्या ज्या स्थानिक राजवंशाचे वर्णन आहे, त्यास मिराशींनी ऋषीक देशाचे राजे मानले आणि ऋषीक म्हणजे खानदेश असे प्रतिपादिले. हे मत मान्य केल्यास पाचव्या शतकातील खानदेशाचा राजकीय इतिहास जाणण्याचे तो लेख एक प्रमुख साधन ठरतो.

चूक असूनही हे वाचन उपकारक ठरले, ह्याचे कारण ते छापले गेले होते. छापलेले वाचन दुसऱ्यास तपासता येते, खोडता येते आणि त्यावर पुढचा थर रचता येतो.

६

ह्याच दृष्टीने त्यांच्या कुष्ठरोगावरील कार्याकडे पाहिले पाहिजे. जुन्या वैद्यकग्रंथांतील औषधींची परीक्षा करता करता कुष्ठरोगावर एक उपाय त्यांच्या हाती आला. कडू कवठाच्या बियांचे तेल आणि पथ्याचे कडक नियम, असे त्याचे स्वरूप होते. अनेक रोग्यांस त्याने गुण आल्याची ख्याती झाली. तथापि उपाय पूर्णपणे सिद्ध होईपर्यंत तो जाहीर करावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले होते. ह्यात लोभ होता असे म्हणण्यास आधार नाही. अपुऱ्या पुराव्यावर मोठा दावा करू नये, ही चिकित्सकाची सावधगिरी त्यामागे दिसते. पण ती सावधगिरीच घातक ठरली. १८६५ मध्ये मुंबईचा शेअरबाजार कोसळला त्यात त्यांचे मोठे आर्थिक नुकसान झाले आणि मे १८७४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. उपचाराची तपशीलवार नोंद त्यांच्या हातून प्रसिद्ध झालीच नाही.

औषध मुळात चुकीचे नव्हते. त्याच जातीच्या चालमुग्रा तेलाचा उपयोग कलकत्त्यास मौआट ह्यांनी १८५४ मध्ये पुढे आणला होता, आणि ह्या वर्गातील तेले १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावरचा मुख्य उपचार म्हणून वापरली गेली. हान्सेन ह्यांनी रोगजंतू शोधला तो १८७३ मध्ये, भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. मुंबईतील रोग्यांवर त्यांनी केलेले निरीक्षण लेखी स्वरूपात उरले असते, तर मात्रा, पथ्य आणि परिणाम ह्यांची तुलना पुढील डॉक्टरांना करता आली असती. अजिंठ्याचे वाचन सदोष असूनही टिकले. कुष्ठरोगावरील उपाय गुणकारी असूनही त्याची परंपरा निर्माण झाली नाही.

७

भाऊ दाजींचे निबंध रामचंद्र घोष ह्यांनी एकत्र करून १८८८ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केले, अ. का. प्रियोळकर ह्यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. खानदेशात स्वतंत्र संशोधनसंस्था उभी राहावयास मात्र बराच काळ जावा लागला. वि. का. राजवाडे ह्यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास निधन झाले आणि त्यांच्या दप्तराच्या रक्षणार्थ तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यामुळे ह्या प्रदेशाची साधने ह्याच प्रदेशात सांभाळली जाऊ लागली.

पाटणचा मठ आणि भाऊ दाजींचा संशोधनाचा संसार ह्यांत सहाशे-साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे. चंगदेवाने विद्येची सोय लावताना बाजाराचे माप आणि घाण्याचे तेल तिच्याशी बांधून दिले, म्हणजे मठ चालविणारा मनुष्य गेला तरी मठाचे उत्पन्न चालू राहावे. भाऊ दाजींपाशी असा कायमचा आधार नव्हता. पंडितांचे वेतन, प्रवास, ठसे आणि हस्तलिखिते ह्यांचा भार एका वैद्याच्या नित्य कमाईवर होता, आणि तो वैद्य गेल्यावर ती व्यवस्थाही संपली. त्यांच्या अखेरच्या वर्षांत भगवानलाल उत्तर हिंदुस्थान व नेपाळच्या प्रवासात होते. परतल्यावर त्यांना नवे आश्रयदाते शोधावे लागले. एवढ्या अस्थिर पायावर उभे राहून पाटणचा लेख आणि अजिंठ्याचे लेख अभ्यासकांच्या हाती आले, ह्यातच त्या पायाचे मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसून येतात.